ई-सायकलला हवा किती ठेवायची? मागचा टायर एवढ्या लवकर गोटा का होतो? (सातारा-सांगलीवाले या इकडे)

गोडोलीकर
नमस्कार मंडळी. माझी ई-सायकल आहे, मागच्या चाकात हब मोटर (चाकाच्या मधोमधच बसवलेली), टायर २७.५ बाय २.१०, दोन्हीकडं डिस्क ब्रेक. गोडोलीतून एमआयडीसीत रोज तिच्यावरच जातो आणि रविवारी अंगात आलं तर यवतेश्वरचा घाट. वजन माझं ८२, पाठीवर सॅक असतेच. तर झालंय असं की मागचा टायर मधोमध पार गोटा झालाय आणि पुढचा बघावा तर नवीन टायरला रबराचे बारीक केस असतात ना, ते सुद्धा कडेला अजून तसेच. टायरवर छापलंय ३५ ते ६५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). दुकानदार म्हणतो ६५ मारा बिनधास्त, मेहुणा म्हणतो ३० ठेव मऊ चालते, आणि पेट्रोल पंपावरचा पोरगा काही विचारतच नाही, नळी लावतो, फुस्स करतो आणि पुढच्या गाडीकडं बघतो. आता नवीन टायर तर घ्यायचाच आहे पण तोही असाच जाणार असेल तर काय उपयोग. नेमकी किती ठेवायची सांगा की राव.

घाटवळण
दादा, टायरवर छापलेला मोठा आकडा म्हणजे कमाल मर्यादा. याच्या वर जाऊ नका एवढंच तो सांगतो, एवढीच ठेवा असं काही त्यात नाही. दुकानदार ६५ सांगतो कारण कडक टायर हाताला चांगला लागतो आणि गिऱ्हाईक महिनाभर हवेसाठी परत येत नाही. पण खालचा ३५ पण तितकाच पाळायचा, त्यामुळं मेहुण्यांचं ३० सोडून द्या, त्यांची साधी सायकल असेल आणि वजन ५५-६० असेल तर त्यांचं त्यांना लखलाभ.

तुमचं गणित वेगळं आहे. तुम्ही आणि सॅक मिळून ८६-८७, सायकल बॅटरीसकट २४-२५ किलो, म्हणजे ११० च्या आसपास. त्यातलं साधारण ६० टक्के मागच्या चाकावर, ताठ बसून चालवत असाल तर त्याहून जास्त. मग दोन्हीकडं सारखी हवा कशी चालेल? मागे ४५, पुढे ३८ इथून सुरुवात करा. आठवडाभर चालवा. खड्ड्यात रिम ठणकन लागली तर २-३ नं वाढवा, हातात झिणझिण्या येत असतील तर पुढची २-३ नं कमी करा. कागदावर कुणीही तुमचा शेवटचा आकडा काढून देऊ शकत नाही.

खात्रीच करायची असेल तर घरातला वजनकाटा घ्या, मागचं चाक काट्यावर, पुढच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीची फळी, भिंतीला बोटं टेकवून नेहमीसारखं सीटवर बसा आणि घरातल्या कुणाला तरी आकडा वाचायला सांगा. मग उलटं करून पुढचं. त्यानंतर शाळेतली पट्टी घेऊन रिमच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत किती अंतर आहे ते आधी सायकल रिकामी असताना आणि मग तुम्ही बसल्यावर मोजा. फ्रँक बर्टो नावाच्या अमेरिकन माणसानं टायर वजनाखाली किती दबतो याची मोजमापं करून तक्ते काढले होते, उंचीच्या १५ टक्के दबला की बरोबर असा तो हिशोब. तुमच्या टायरला ते ८ मिलिमीटर येतं. ३-४ च दबत असेल तर हवा जास्त, १२-१३ दबत असेल तर कमी.

कोडोलीचे_तात्या
पोरांनो पट्टी कसली लावताय. ४० वर्षं सायकल चालवली, अंगठ्यानं दाबायचं, दबला नाही की झालं काम. कडक हवा असली की सायकल पळती, हे काय नवीन सांगायला पायजे का. मऊ टायरवर सायकल ओढायची म्हणजे बॅटरी पण जाणार आणि गुडघे पण.

वालचंदचा_माजी
तात्या, तुमच्या काळ्या सायकलला टायर होता २८ बाय दीड, अरुंद. त्यात हवा कडकच लागायची, तिथं तुमचा अंगठा बरोबर होता. हा टायर दोन इंचाच्या वर रुंद, यात ३५ आणि ५० मधला फरक अंगठ्याला कळतच नाही, जाड रबराच्या, गठ्ठे असलेल्या नॉबी टायरला तर अजिबात नाही. आणि मऊ टायरला ताकद जास्त लागते हे तुमचं खरं आहे, पण कडक करत गेलं की कायम फायदाच होतो असं नाही. काचेसारख्या रस्त्यावर होतो. आपल्याकडं जिथं खडी उघडी पडलीय तिथं टायर खडीवर दबायच्या ऐवजी अख्खी सायकल आणि वरचा माणूस उडतो, आणि ती उडवायची ताकद तुमच्याच पायातून नाहीतर बॅटरीतून जाते. वर सगळं थरथरतंय म्हणून आपल्याला वाटतं लई वेगात चाललोय.

शिवाय ई-सायकलची मोटर २५ च्या वेगाला मदत करायची थांबते, नियमच तसा आहे, २५० वॉट आणि २५ किमी. म्हणजे हवा ६५ केली म्हणून तुम्ही ३० नं जाणार नाही. फरक पडतो तो बॅटरी किती टिकते त्यात, आणि तो फरक ४५ वरून ६५ केल्यानं नाही, २० वरून ४५ केल्यानं दिसतो. बहुतेकांच्या सायकलीत हवा आहे असं त्यांना वाटत असतं, प्रत्यक्षात २० च्या घरात असते. ट्यूब पंक्चर नसली तरी रबरातून हवा थोडी थोडी जातच राहते.

कोडोलीचे_तात्या
बरं. अंगठा मागं घेतो. पण ४५ च्या खाली मी येणार न्हाय.

मिरजकर_ताई
मी मिरज ते विश्रामबाग रोज जाते, माझी सायकल २६ बाय १.९५, मागे कॅरिअरवर मुलीची सीट. मुलगी १६ किलो आणि तिचं दप्तर तिच्याहून जड. घाट-बिट आमच्याकडे नाही, सगळं सपाट, पण बुधगावकडच्या शेतातल्या रस्त्यानं गेलं की सराटे आणि बाभळीचे काटे, आणि कारखाने चालू झाले की रस्त्याला उसाचं चिपाड, त्यात काय काय लपलेलं असतं देवाला माहीत. मी मुलगी मागे असेल तेव्हा मागे ५० ठेवते, एकटी असेन तेव्हा ४२, रोज रोज कोण बदलणार म्हणून आठवडाभर ५० च राहतं हा भाग वेगळा.

माझा प्रश्न पंक्चरचा. मागचं चाक मोटरचं आहे म्हटलं की पंक्चरवाले हात लावत नाहीत. एकानं तर "मॅडम करंट लागंल" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यानं चाक काढलं आणि वायर ओढून ठेवली, मोटर बंद, ते दुरुस्त करायचा खर्च पंक्चरच्या कित्येक पट. पुढे काय करायचं?

पंक्चरवाला_कोरेगाव
ताई करंट-बिरंट काय लागत न्हाय, स्विच बंद करायचा न् बॅटरी काढून बाजूला ठेवायची. आमच्याकडं पण पहिल्यांदा आली तवा सगळे बघतच बसलेले. खरं म्हंजे साध्या पंक्चरला ते चाक काढायचंच न्हाय. सायकल स्टँडला लावायची नायतर उलटी करायची, खाली पोतं टाकायचं डिस्प्लेला चरा पडू नये म्हणून. ज्या बाजूला डिस्क न्हाय चेन न्हाय अशी बाजू नसतीच, मग त्यातल्या त्यात डिस्कच्या बाजूनं टायर लिव्हरनं उचकटायचा, डिस्कला तेलाचा हात लावायचा न्हाय. नुसती एकच कड बाहेर काढायची, ट्यूब वाल्वपासून लांबची आधी ओढायची, जिथं भोक असंल तेवढाच भाग बाहेर. पाण्याची वाटी नसंल तर गालाजवळ फिरवा, हवा लागती. कानस मारा, सोल्यूशन लावा, वाळू द्या, वाळूच द्या, मग ठिगळ. आणि टायरच्या आतनं चिंधी फिरवून बघा काटा अजून आत हाय का, बोट घालू नका, चिंधी अडकती तिथं काटा.

भोक बघून पण कळतं हवा कशी होती. एकच बारीक भोक म्हंजे काटा. शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यागत, म्हंजे हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमनं ट्यूब चिमटली. आणि तिसरं जे ह्या मोटरवाल्यांचंच जास्त येतं, वाल्वच्या बुडाशी फाटलेली ट्यूब. ती ठिगळानं न्हाय व्हत, ट्यूबच नवी.

चाक काढायचंच असंल तर वायरचा जोड चेनच्या बाजूला फ्रेमला टायनं बांधलेला असतो बहुतेक, त्यावर दोन बाण असतात, ते समोरासमोर आहेत त्याचा आधी मोबाईलवर फोटो काढा, वायर धरून न्हाय तर जोड धरून सरळ ओढायचं, पिळायचं न्हाय. ॲक्सलचे नट बहुतेक १८ च्या पान्याचे. आत दात असलेला वॉशर असतो तो जसा निघाला तसाच त्याच बाजूला परत बसला पायजे, तो मोटरचा ॲक्सल फिरू देत न्हाय. तो उलटा बसवला की मोटर फिरती जागच्या जागी न् वायर तुटती. ताईंची वायर तशीच गेली असंल.

गोडोलीकर
वाल्वच्या बुडाशी फाटणं हे मोटरवाल्यांचंच का?

वालचंदचा_माजी
हवा कमी असली की टायर रिमला घट्ट धरत नाही. साध्या सायकलवर पाय हळूहळू जोर लावतो म्हणून चालून जातं. हब मोटर जोर देते तो हबमधून स्पोक, स्पोकमधून रिम, आणि रिम फिरते तेव्हा टायर जमिनीला चिकटलेला असल्यामुळे थोडा मागे राहतो. प्रत्येक वेळी केसभर सरकला तरी टायरबरोबर ट्यूब सरकते, पण वाल्व तर रिमच्या भोकात अडकलेला, मग तो तिरका व्हायला लागतो. ब्रेक मारला की उलट्या दिशेनं. तुमच्या मागच्या चाकाचा वाल्व आत्ता जाऊन बघा, रिममधून सरळ काटकोनात उभा आहे का एका बाजूला कललाय. कलला असेल तर सगळी हवा काढा, टायर हातानं सरकवून वाल्व सरळ करा, मग भरा. टायरच्या कडेला आणि रिमला खडूनं एकाच ठिकाणी रेघ मारून ठेवली तर पुढच्या आठवड्यात कळतं सरकतोय का.

झिजायचं पण मूळ इथंच आहे. आपल्याकडच्या स्वस्त सायकलींत केडन्स सेन्सर असतो, त्याला फक्त पायडल फिरतंय एवढं कळतं, तुम्ही किती जोर लावताय ते कळत नाही. त्यामुळं पायडल अर्धं फिरलं की मोटर एकदम झटका देते. पोवई नाक्याला थांबलात, निघताना असिस्ट (मोटरची मदत) ५ वर, थ्रॉटल पिळला, की मागचा टायर तेवढा घासला. बारीक खडीवर तर फिरतोच जागेवर. निघताना असिस्ट १-२ वर ठेवा आणि दोन पायडल स्वतः मारा, टायर लक्षात येण्याइतका जास्त टिकतो. पायाचा जोर ओळखणाऱ्या टॉर्क सेन्सरवाल्या सायकलीत हा झटका जवळजवळ नसतो.

गोडोलीकर
आत्ता बघून आलो, वाल्व कललाय की! आणि गेज लावून बघितलं तर मागे २६. दुकानातून ६५ करून आणली त्याला महिना पण झाला नाही. मग मध्येच झिज कशी? मी वाचलं होतं मध्ये झिजला तर हवा जास्त, कडेला झिजला तर हवा कमी.

घाटवळण
ते चारचाकीचं ज्ञान आहे दादा, तिथला टायर सपाट असतो. सायकलचा टायर गोल, सरळ रस्त्यावर जमिनीला मधलाच पट्टा लागतो, त्यामुळं मध्ये झिजणं हे सायकलला नॉर्मलच. जास्त हवेनं तो पट्टा अजून अरुंद होतो आणि लवकर जातो एवढं खरं. कमी हवेची खूण मध्ये शोधू नका, टायरच्या बाजूच्या भिंतीवर शोधा. गोल गोल बारीक भेगा, रिमच्या वर बोटभर अंतरावर, कधी कधी आतले धागे दिसायला लागतात. तशा भेगा दिसल्या तर वरचं रबर कितीही शिल्लक असो, तो टायर घाट उतरायच्या लायकीचा नाही.

तुमच्या केसमध्ये खरा गुन्हेगार मला वाटतं टायरचा प्रकारच आहे. नॉबी ना? मातीसाठीचे ते गठ्ठे डांबरावर प्रत्येक फेऱ्यात वाकतात आणि घासतात, वर आवाज घूं घूं, बॅटरी पण खातात. तुमचं ९० टक्के चालणं डांबरावर आहे. मधे सलग पट्टा आणि कडेला हलकी नक्षी असा सेमी-स्लिक घ्या. दुकानात "२७.५ चा द्या" एवढंच म्हणू नका, बाजूला ५४-५८४ असा दुसरा आकडा असतो तो बघा. ५८४ म्हणजे रिमचं माप, ते जुळलंच पाहिजे. पहिला आकडा रुंदी, ५० चा पण बसेल तुमच्या रिमवर, ५७ चा मडगार्डला घासेल का ते आधी बघा.

आणि बदलताना नवा टायर मागे नाही, पुढे टाका. आत्ताचा पुढचा चांगला आहे तो मागे जाऊ दे. पुढचा टायर घसरला की माणूस सावरू शकत नाही, मागचा घसरला तर निदान संधी असते. गुळगुळीत झालेला मागचा पुढे टाकून "दोन्ही सारखे झिजवू" असं काही लोक करतात, पावसाळ्यात कासच्या रस्त्याला ते करून बघायची हौस नको.

शाहूपुरी_राइडर
यवतेश्वर उतरताना मागचा ब्रेक दाबून धरणारे खूप बघतो. चाक लॉक होऊन घसटलं की टायरवर एकाच जागी चट्टा पडतो, आणि पुढच्या वेळी लॉक झालं की चाक बरोबर तिथंच थांबतं असं नाही पण तेवढी जागा पातळ राहते ती राहतेच. दोन्ही ब्रेक थोडे थोडे, सोडून सोडून. आणि ज्यांना वाटतं मोटर उताराला चार्जिंग करते म्हणून ब्रेक लागतो, त्यांनी गैरसमज काढा, आपल्याकडच्या गिअरवाल्या हब मोटरमध्ये फ्रीव्हील असतं, उताराला चाक नुसतं सुटं फिरतं.

आणि पावसात ओल्या रस्त्यावर पंक्चर जास्त होतात, पाण्यानं काच आणि खडीची टोकं टायरमध्ये सहज सरकतात. पावसाळ्यात घरी आलं की टायरवरून नजर फिरवून काचेचे तुकडे बोटाच्या नखानं उचकटून काढायचे, ते त्या दिवशी आत गेलेले नसतात, चार दिवसांनी जातात.

मिरजकर_ताई
पेट्रोल पंपावर भरावी का पण? आमच्याकडे घरी पंप नाही.

घाटवळण
वाल्व मोटरसायकलसारखा जाड असेल तर नळी बसते. पण ताई, तिथला कॉम्प्रेसर ट्रक-कारसाठीचा, तुमच्या टायरमध्ये हवा मावते किती, दोन सेकंदात इकडचं तिकडं होतं. डिजिटल मशीन असेल आणि आकडा लावून देत असतील तर चालेल, मागे मुलगी बसवायच्या आधी घरी गेजनं परत बघा. मीटरवाला उभा पंप एकदा घेतला की विषय संपतो, किंवा ते मोबाईलसारखं चार्ज होणारं छोटं यंत्र मिळतं, आकडा लावला की आपोआप थांबतं. दर रविवारी, सायकल उन्हात जायच्या आधी.

कोडोलीचे_तात्या
उन्हानं काय हुतंय?

वालचंदचा_माजी
तात्या, सकाळी २० डिग्रीत ४० भरली आणि दुपारी टायर ४० डिग्रीला गेला तर आतली हवा ३-४ पीएसआयनं वाढते. फुटत-बिटत नाही. पण दुपारी बघून "जास्त झाली" म्हणून कमी केली तर दुसऱ्या दिवशी सकाळी कमी भरते. म्हणून एकाच वेळेला मोजायची. ६५ च्या मर्यादेला टेकवून ठेवणाऱ्यानं मात्र विचार करावा. आणि कंपनीत सायकल पत्र्याच्या सावलीत लावा, उन्हानं रबर कडक होऊन चिरा पडतात ते वेगळंच.

गोडोलीकर
आता मागे ४५, पुढे ३८ करून कालपासून चालवतोय, पुढचं हँडल एवढं हलकं आधी कधी लागलं नव्हतं. सेमी-स्लिक एका दुकानात बघितला, ५०-५८४ आहे, घेतोय. एक शेवटचं, काट्यांसाठी ट्यूबमध्ये ते सीलंटचं पाणी भरतात ते घालू का? का टायरच्या आत पट्टी टाकू?

शाहूपुरी_राइडर
सीलंट बारीक काट्याला चांगलं चालतं, मीच वापरतो. पण चिमटलेल्या ट्यूबला आणि वाल्वच्या बुडाला त्याचा उपयोग शून्य. आपल्या उन्हाळ्यात ते आत वाळतं, म्हणून वर्षाला एकदा तरी नवीन घालावं लागतं. वाल्वची पिन निघणारी असली पाहिजे, आणि हवा बघताना वाल्व वरच्या बाजूला ठेवा नाहीतर गेजमध्ये चिकट पाणी जातं. पट्टी टाकायची तर तिची टोकं एकावर एक येतात तिथं कड घासून मऊ करून घ्या, नाहीतर तीच कड ट्यूब कापते.

पंक्चरवाला_कोरेगाव
घालायचं तर घाला, पण आमच्याकडं आणताना आधी सांगत जावा की आत पाणी हाय म्हणून. न सांगता आणतात, कानस मारून सोल्यूशन लावलं की भोकातनं हिरवं बाहेर, ठिगळ बसत न्हाय, माझं तोंड न् शर्ट सगळा हिरवा, आणि वर म्हणत्यात "एवढा वेळ का लागतोय".